फ्रिजच्या पाठीमागची हवा

फ्रिज बिघडला की लोक दार उघडून आत बघतात. मी आधी पाठीमागे हात घालतो. फ्रिज थंडी तयार करत नाही. आतल्या दुधाची, भाजीची, पाण्याची उष्णता तो उचलतो आणि पाठीमागच्या हवेत टाकतो. ती हवा हलती असली की काम होतं. कोंडलेली असली की यंत्र रात्रंदिवस चालतं आणि तरी भाजी मरगळते. उपनगरातल्या कितीतरी स्वयंपाकघरांत सुतार फ्रिजच्या मापाचा चोख खण बनवतो, वरून सनमायका लावतो, फोटोत छान दिसतं. पुढच्या उन्हाळ्यात माझा फोन वाजतो. ‘भाऊ, गॅस संपलाय बहुतेक, येऊन भरून द्या.’ मी जातो, फ्रिज खणातून एक वीत पुढे ओढतो, मागची धुळीची गादी ब्रशने काढतो आणि तासाभराने आत हात घालून बघायला सांगतो. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

मी घाटकोपरला भटवाडीत राहतो. फ्रिज आणि एसी हेच काम आयुष्यभर केलं. घरातला फ्रिज कोंडला तर दूध नासतं आणि विजेचं बिल वाढतं, एवढ्यावर निभावतं. पण एक फ्रिज असा आहे की त्याच्या पाठीमागची हवा अडली तर माणसाच्या जिवाशी गाठ पडते. तो कॅम्पर ट्रेलरमध्ये असतो आणि गॅसच्या ज्योतीवर चालतो. आपल्याकडे हे फ्रिज अजून थोडे आहेत, पण वाढतायत. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यानंतर चाकांवरचं घर ही कल्पना मध्यमवर्गीय मराठी घरांत बोलली जायला लागली. मोठ्या गाडीच्या मागे जोडायचा छोटा ट्रेलर, त्यात दोन माणसांचा पलंग, एक शेगडी, एक सिंक आणि ओट्याखाली छोटा फ्रिज. तो फ्रिज बरेचदा बाहेरच्या देशातून आलेला असतो आणि तीन तऱ्हांनी चालतो: घरच्या विजेवर, गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर आणि गॅसवर.

असाच एक ट्रेलर मुलुंड कॉलनीत, डोंगराच्या पायथ्याशी उभा होता. मालक बँकेतून निवृत्त झालेले, काकू शाळेत शिकवायच्या. दोघांनी हौसेने घेतलेला. तक्रार काकूंनीच सांगितली: ‘भाऊ, डिसेंबरात पाचगणीला काय सुंदर बर्फ धरला होता त्याने! आणि एप्रिलमध्ये काशीदला दूध सकाळपर्यंत टिकेना. तोच फ्रिज, तोच सिलिंडर.’ असा नेमका फरक सांगणारं गिऱ्हाईक मिळणं हे मिस्त्रीचं भाग्य. यंत्र धड आहे आणि हवेचं गणित चुकलंय, हे त्या दोन वाक्यांतच निम्मं कळलं होतं.

ज्योत पेटवून बर्फ कसा होतो, हे आधी सांगायला हवं, कारण ते कळल्याशिवाय पुढचं काही पटत नाही. अशा फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो. पाठीमागे पोलादी नळ्यांचं एक बंद जाळं असतं. त्यात पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन कायमचे कोंडलेले असतात. सगळ्यांत खाली बॉयलर, आणि त्याला धरून एक उभी नळी, जिच्या तळाशी ज्योत पेटते. उष्णतेने पाण्यातला अमोनिया बुडबुड्यांच्या रूपात सुटतो आणि दूध उतू जाताना जसं वर चढतं तसं ते बुडबुडे द्रवाला अरुंद नळीतून वर ढकलतात. पंप म्हणायचा तो एवढाच. पुढे अमोनियाची वाफ एकटी वर जाते आणि पत्र्याच्या पाकळ्या लावलेल्या नळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, बाहेरच्या हवेला उष्णता देऊन द्रव होते. हा द्रव अमोनिया फ्रीजरच्या मागच्या नळीत उतरतो. तिथे हायड्रोजन असल्यामुळे अमोनियाच्या वाट्याचा दाब एकदम कमी होतो आणि तो अगदी कमी तापमानातही भराभर वाफ व्हायला लागतो. वाफ व्हायला लागणारी उष्णता तो फ्रिजच्या आतून ओढतो. इथेच थंडी होते. मग अमोनिया आणि हायड्रोजनचं जड झालेलं मिश्रण खाली घसरतं, तिथे पाणी अमोनियाला पुन्हा पिऊन टाकतं, हलका हायड्रोजन परत वर जातो आणि फेरा पुन्हा सुरू. आवाज नाही, हलणारा भाग नाही, घासून झिजणारं काही नाही.

ही युक्ती स्वीडनमधल्या दोन विद्यार्थ्यांची. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स यांनी १९२२ साली स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठात असताना ती शोधली आणि इलेक्ट्रोलक्सने १९२५ साली तिचे फ्रिज विकायला काढले. त्याच काळात आइनस्टाइन आणि लिओ झिलार्ड हेही हलता भाग नसलेल्या फ्रिजच्या मागे लागले होते. त्यांना १९३० साली अमेरिकेचं पेटंट मिळालं, पण त्यांचा तो फ्रिज घराघरांत पोचला नाही. पोचला तो त्या दोन विद्यार्थ्यांचा. वीज नसलेल्या मुलखांत रॉकेलच्या दिव्यावर असे फ्रिज चालायचे आणि दवाखान्यांतल्या लशी त्यांच्यात टिकायच्या.

माझी या जातीच्या फ्रिजशी ओळख अंधेरीला झाली. विमानतळाच्या आसपासच्या मोठ्या हॉटेलांत खोलीतला मिनीबार आवाज न करणारा लागतो, म्हणून तिथे हेच तंत्र वापरलं जायचं, फक्त ज्योतीऐवजी विजेचा हीटर. पाहुण्याला झोप लागावी म्हणून घेतलेला हा फ्रिज हॉटेलवाले लाकडी कपाटात बसवायचे आणि कपाटाला मागे भोक पाडायला विसरायचे. आम्ही देखभालीचं काम घेतलेल्या मजल्यांवर ‘मिनीबार थंड करत नाही’ ही तक्रार आली की हीटर तपासण्याआधी मी कपाटाची मागची फळी बघायचो. करवतीने खाली एक खाच, वर एक खाच पाडली की दुसऱ्या दिवशी बाटल्या गार.

या फ्रिजला हवा इतकी का लागते? साध्या फ्रिजचा कॉम्प्रेसर एक भाग उष्णता बाहेर काढायला त्याहून कमी वीज खातो. ज्योतीचा फ्रिज एक भाग बाहेर काढायला तीन ते पाच भाग उष्णता खातो. ती सगळी, अधिक आतून काढलेली, अशी दोन्हींची बेरीज पाठीमागेच टाकावी लागते. शिवाय आतला दाब कारखान्यात एकदाच भरून बंद केलेला असतो. कंडेन्सरभोवतीची हवा ठरावीक मर्यादेपेक्षा तापली की अमोनियाचा द्रव होणंच थांबतं. थंडावा थोडाथोडा कमी होत नाही. एका टप्प्यानंतर जवळजवळ बंद पडतो. फ्रिजच्या आत चिकटवलेल्या पट्टीवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. ‘एन’ म्हणजे भोवतालची हवा ३२ अंशांपर्यंत, ‘एसटी’ म्हणजे ३८, ‘टी’ म्हणजे ४३. युरोपातून आलेले कॅम्परचे फ्रिज पुष्कळदा ३२ वालेच असतात. मुंबईचा मे आणि ऑक्टोबर सावलीतच ३२ च्या पुढे जातो. उन्हात उभ्या ट्रेलरच्या पत्र्याआडची पोकळी कुठे जात असेल, याचा अंदाज प्रत्येकाने करावा.

इथे एक गोंधळ दूर करतो, कारण गिऱ्हाईक हमखास करतं. तुमच्या घरातल्या नव्या फ्रिजवर ‘आर-६००ए’ लिहिलेलं असतं, तो आयसोब्युटेन. विक्रोळीच्या गोदरेजने १९५८ साली देशातला पहिला फ्रिज बनवला आणि त्याच कंपनीने २०१२ साली ‘आर-२९०’ म्हणजे प्रोपेनवर चालणारा एसी बाजारात आणला. त्या यंत्रांत प्रोपेन किंवा ब्युटेन नळीच्या आत फिरतो, थोडासाच असतो, आणि जळत मुळीच नाही. ओझोनला धक्का न लावणारा आणि हवामान फारसं न तापवणारा म्हणून तो निवडलेला आहे आणि माझ्या मते ती निवड चांगली आहे. कॅम्परच्या फ्रिजमध्ये गॅस नळीच्या बाहेर, बर्नरवर जळतो. दोन्हींचे धोके वेगळे, दोन्हींची दुरुस्ती वेगळी.

आता मुलुंडचा ट्रेलर. बाहेरच्या अंगाला फ्रिजच्या मागे दोन खिडक्या असाव्या लागतात: एक तळाशी, एक माथ्याशी. खालून गार हवा शिरते, नळ्यांना घासून तापते, हलकी होऊन वरून निघते आणि जाताना खालची हवा ओढून घेते. चुलीच्या धुराड्याचाच नियम. या ट्रेलरला दोन्ही खिडक्या होत्या, पण तीन गोष्टी बिघडल्या होत्या.

पहिली: वरची खिडकी कंडेन्सरच्या खाली कापलेली. म्हणजे सगळ्यांत गरम हवा खिडकीच्या वर, छपराखालच्या पोकळीत साठून राहायची आणि कंडेन्सर नेमका त्या पोकळीत. खिडकीची वरची कड कंडेन्सरच्या वर असायलाच हवी; जमलं तर छपरातूनच वाट काढावी. दुसरी: फ्रिजची पाठ आणि ट्रेलरची भिंत यांच्यात हातभर नाही तरी वीतभर मोकळी जागा. वाचणाऱ्याला वाटेल, मोकळी जागा चांगलीच की! पण हवा आळशी असते. तिला सोपी वाट मिळाली की ती भिंतीच्या कडेने सरळ वर जाते आणि कंडेन्सरच्या पाकळ्यांना शिवतसुद्धा नाही. पाकळ्यांपासून भिंत साधारण एक इंचाच्या आत हवी. भिंत पुढे आणता येत नाही, म्हणून मी ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून भिंतीला तिरका बसवला, असा की खालून आलेली हवा त्याला आपटून पाकळ्यांत शिरेल. साधा पत्रा, चार रिव्हेट. या एका पत्र्याने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही महागड्या सुट्या भागाने पडत नाही.

तिसरी गोष्ट मालकांनी स्वतः केली होती, आणि त्यांचं कारण मला पूर्ण समजतं. मुलुंड कॉलनीत डोंगर जवळ, डास भरपूर, डेंग्यूची भीती. त्यांनी खालच्या खिडकीला खिडक्यांची ती बारीक नायलॉनची जाळी आतून चिकटवली होती. बारीक जाळी भोकाची बरीच जागा स्वतः खाते, वर धूळ बसली की उरलेलीही जाते. शिवाय नायलॉन ज्योतीजवळ नकोच. तिच्या जागी मोठ्या घरांची धातूची जाळी लावली, झुरळ-उंदीर अडतील अशी. डास खोलीत येऊ नयेत म्हणून वेगळी जागा बंद करावी लागते, ती पुढे सांगतो. वरच्या खिडकीच्या आत संगणकाचा असतो तसा बारा व्होल्टचा छोटा पंखा बसवला, हवा बाहेर ओढणारा आणि पोकळी तापली की आपोआप सुरू होणारा.

मग लेव्हल. या फ्रिजमध्ये द्रव गुरुत्वाकर्षणानेच परत येतो. ट्रेलर तिरका उभा असेल तर द्रव एखाद्या वळणात साचतो, बॉयलर कोरडा तापतो, नळी आतून गंजू नये म्हणून मिसळलेला सोडियम क्रोमेट घट्ट होऊन नळी कायमची तुंबवतो. चालत्या गाडीत हिंदकळण्यामुळे हे होत नाही. धोका उभ्या गाडीत. हल्लीच्या युनिटना बाजूला तीनेक अंशांचा कल चालतो, पण भंडारदऱ्याच्या किंवा माळशेजच्या उतारावर तीन अंश कधीच ओलांडले जातात. दोन रुपयांची हौस म्हणून नव्हे, गरज म्हणून एक छोटी पाणसळ फ्रीजरच्या तळावर ठेवायची, बुडबुडा मध्ये येईपर्यंत चाकाखाली फळी सरकवायची, आणि मगच ज्योत पेटवायची. पाठीमागे पिवळी भुकटी दिसली किंवा नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला, तर नळी फुटली असं समजायचं. हा फ्रिज ‘गॅस भरून’ दुरुस्त होत नाही. पूर्ण युनिट बदलावं लागतं. जुने मिस्त्री फ्रिज रात्रभर उलटा ठेवून बघतात. साचलेला द्रव सुटून कधीकधी तो चालूही होतो, पण त्याच्या भरवशावर लांबच्या प्रवासाला निघू नये.

बर्नर साफ करणं हे या सगळ्यातलं सगळ्यांत बारीक काम. मला ते मनापासून आवडतं. आधी सिलिंडर बंद करून ट्रेलरच्या बाहेर काढायचा. फ्रिज थंड होऊ द्यायचा. खालची खिडकी काढली की पत्र्याची एक डबी दिसते, एका स्क्रूवर धरलेली. ती उघडली की आत बोटाएवढा बर्नर, शेजारी ठिणगीची तार आणि थर्मोकपलचं टोक. मी खाली वर्तमानपत्र पसरतो, मग वर जाऊन धुराड्याच्या नळीतून तारेला लटकवलेली पिळाची पट्टी बाहेर काढतो. ही पट्टी गरम वायूला नळीत घुमवते, म्हणजे उष्णता बॉयलरला लागते, नुसती वर निघून जात नाही. ती किती खाली लटकत होती हे काढण्याआधी मोजून ठेवायचं, परत तेवढीच लटकवायची. मग नळीत लांब दांड्याचा गोल ब्रश वरून खाली. मुलुंडच्या फ्रिजमधून वर्तमानपत्रावर आधी काजळी पडली, मग गंजाचे पापुद्रे, आणि शेवटी वाळलेल्या चिखलाचा एक छोटा तुकडा. तो हातात घेऊन काकूंनी विचारलं, ‘हे काय?’ कुंभारमाशीचं घर. गॅसला जो वास मुद्दाम दिलेला असतो, त्याच्याकडे काही किडे आणि कोळी ओढले जातात आणि बर्नरच्या तोंडात घर करतात. एवढ्याशा मातीने हवा आणि गॅसचं प्रमाण बिघडतं.

जेट म्हणजे पितळेचा टोपीसारखा तुकडा; मधलं भोक केसाएवढं. त्यात टाचणी घालायची नाही. भोक एवढंसं जरी रुंदावलं तरी गॅस जास्त येतो, ज्योत पिवळी होते आणि सगळं बिघडतं. स्पिरिटमध्ये बुडवून ठेवायचा, काढून फुंकर मारायची, उजेडाकडे धरून बघायचं. बर्नरच्या फटी जुन्या टूथब्रशने. सगळं जोडलं की सांधे साबणाच्या फेसाने तपासायचे. बुडबुडा फुगला तर गळती. काडी पेटवून बघणाऱ्याला मी माझ्यासमोर उभंसुद्धा राहू देत नाही. मग नॉब दाबून धरायचा, ठिणगी द्यायची, थर्मोकपल तापेपर्यंत दहा-पंधरा सेकंद सोडायचा नाही. ज्योत विझली तर हाच थर्मोकपल थंड होऊन गॅस आपोआप बंद करतो, म्हणून त्याला बगल देऊन तारा जोडणाऱ्या मिस्त्रीला दारातूनच परत पाठवावं. ज्योत निळी, ताठ आणि शांत हवी. टोकाला पिवळी झाली की काजळी आणि विषारी वायू दोन्ही सुरू झाले असं समजावं.

गॅसबद्दल एक-दोन गोष्टी. परदेशात कॅम्परमध्ये प्रोपेन वापरतात, आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं. प्रोपेन उणे ४२ अंशांनाही उकळतो, ब्युटेन शून्याच्या जरा खाली जाताच थिजल्यासारखा होतो. मुंबई, कोकण, अगदी महाबळेश्वरलाही याने काही बिघडत नाही. हिवाळ्यात स्पितीला जाणाऱ्याची मात्र सकाळी ज्योत लागत नाही. घरगुती रेग्युलेटर ३० मिलीबारच्या आसपास दाब देतो. फ्रिजच्या पट्टीवरचा आकडा त्याच्याशी जुळतो का, हे बघूनच जोडायचं. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची, चांगली दिसत असली तरी.

याहून महत्त्वाचं म्हणजे हा गॅस हवेपेक्षा जड असतो, दीडपट ते दुप्पट. मुलुंड-घाटकोपरच्या पुष्कळ घरांत आता महानगर गॅसची पाइपलाइन आहे. तो मिथेन, हवेच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा. गळला तर वर जातो आणि वरच्या झडपेतून निघतो. पाइपच्या गॅसची सवय झालेला माणूस ट्रेलरमध्ये छपराची खिडकी किलकिली ठेवून निर्धास्त झोपतो. पण सिलिंडरचा गॅस गळला तर तो पाण्यासारखा जमिनीवर पसरतो, पलंगाखाली साचतो, झोपलेल्याच्या नाकाच्याही खाली राहतो आणि एखाद्या ठिणगीची वाट बघतो. म्हणून सिलिंडरच्या खणाला तळाशी आरपार भोक हवं, थेट रस्त्याकडे उघडणारं. फ्रिजच्या मागच्या पोकळीतही खालची खिडकी अगदी तळाला टेकलेली हवी. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटन चालू-बंद काहीही करायचं नाही, दार उघडायचं, सिलिंडर बंद करायचा, बाहेर पडायचं आणि १९०६ ला फोन करायचा. हा नंबर देशभर एकच आहे.

आणि ज्या वायूला वासच नाही, त्याचं काय? जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीत एक शाळकरी मुलगी अंघोळीला गेली आणि गॅस गिझरच्या धुराने बेशुद्ध पडली. ती वाचली नाही. मार्च २०२३ मध्ये घाटकोपरमध्ये रंग खेळून आलेलं एक जोडपं बाथरूममध्ये मृत सापडलं आणि संशय पुन्हा गॅस गिझरच्या कार्बन मोनोक्साइडवर गेला. घाटकोपरची बातमी आली तेव्हा मी ओळखीच्या घरांत जाऊन बाथरूम बघितले. वर्षानुवर्षं एसी दुरुस्त करताना ज्या घरांत चहा प्यायलो, तिथले गिझर बंद बाथरूममध्ये टांगलेले आणि खिडकीवर पाऊस येतो म्हणून पत्रा. गॅसला जळायला पुरेशी हवा मिळाली नाही की तो अर्धवट जळतो आणि कार्बन मोनोक्साइड निघतो. रक्त त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट पकडतं. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. झोप येते हेच भयंकर, कारण माणूस उठून बाहेर जात नाही.

फ्रिजची ज्योत गिझरच्या ज्योतीपुढे काहीच नाही. गिझर दहा किलोवॉटच्या आसपास जाळतो, फ्रिज दीड-दोनशे वॉट. पण गिझर दहा मिनिटं चालतो, फ्रिज रात्रभर, आणि तोही तुमच्या उशीपासून हाताच्या अंतरावर. म्हणून फ्रिजची पाठ बाहेरच्या हवेची आणि फ्रिजचं तोंड खोलीचं. या दोघांत सुईएवढी फटसुद्धा चालत नाही. मुलुंडच्या ट्रेलरमध्ये मी रात्री आतले दिवे मालवायला लावले, बाहेरच्या खिडकीतून आत टॉर्च मारला आणि काकांना फ्रिजच्या कडेने बघायला सांगितलं. उजेडाची बारीक रेघ डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत दिसत होती. जिथून उजेड येतो तिथून धूरही येतो, आणि डासही. दोघे थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग काकू म्हणाल्या, ‘नातवंडं झोपली होती हो इथे.’ ती फट आम्ही धातूची पट्टी आणि ॲल्युमिनियमच्या टेपने बंद केली. धुराड्याजवळ फोम किंवा थर्माकोल घालायचा नाही. गळती तपासून झाल्यावर, ज्योत चालू असताना, खालच्या खिडकीशी उदबत्ती धरली. धूर आत ओढला गेला आणि वरच्या खिडकीतून बाहेर आला. एका उदबत्तीने काकांना जे कळलं ते माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्याने कळलं नव्हतं. त्यांनी त्याच आठवड्यात कार्बन मोनोक्साइडचा अलार्म आणून उशीच्या उंचीवर लावला. गॅस गिझर असलेल्या प्रत्येक घरानेही तो घ्यावा असं माझं मागणं आहे. गिझर बदलून विजेचा घेता आला तर त्याहून उत्तम.

प्रवासात ज्योत बंद. पेट्रोल पंपावर तर शिरण्याआधीच बंद, कारण खालच्या खिडकीत उघडी ज्योत आणि शेजारी पेट्रोलची वाफ. चालत्या गाडीत फ्रिज बारा व्होल्टवर ठेवायचा. दहाएक अँपिअर ओढतो, इंजिन चालू असताना चालून जातं, उभ्या गाडीत बॅटरी रात्रीतून संपवतो. निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या विजेवर रिकामा फ्रिज गार करायचा, आत जाणारं सामान घरच्या फ्रिजमधून गार करूनच भरायचं, आणि हवा फिरेल इतकी जागा सोडायची. ट्रेलर उभा करताना फ्रिजची बाजू दुपारच्या उन्हाकडे नको.

नवा ट्रेलर घेणाऱ्याने मला विचारलं तर मी सांगतो: कोकणातच फिरायचं असेल आणि छपरावर सौर पॅनल बसणार असेल, तर बारा व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज घ्या. आपल्या उकाड्यात तो जास्त भरवशाचा आहे आणि ज्योतीची चिंता नाही. ज्यांच्याकडे गॅसचा आहे त्यांनी तो टाकून द्यायची गरज नाही. दिवसाला पाव किलोच्या आसपास गॅसवर, वीज नसलेल्या रानात, जराही आवाज न करता तो बर्फ धरतो. मुलुंडच्या ट्रेलरने मे महिन्यात अलिबागला दूध टिकवलं, दुपारी जरा कुरकुरला तरी पाच अंशांच्या वर फार वेळ गेला नाही.

पावसाळ्यात ट्रेलर चार महिने उभा राहतो, आणि मुंबईच्या दमट खाऱ्या हवेत धुराड्याचा गंज याच काळात वाढतो. जूनमध्ये फ्रिज पुसून, दाराला कापडाची घडी अडकवून उघडा ठेवायचा, नाहीतर आत बुरशी येते. सिलिंडर काढून घ्यायचा, नळीच्या तोंडाला टोपी. खिडक्यांना बाहेरून पावसाची झाकणं लावायची आणि त्यांवर ठळक अक्षरांत लिहायचं की ही काढल्याशिवाय ज्योत पेटवायची नाही. दसऱ्याच्या सुमाराला झाकणं काढली की आधी बर्नरची डबी उघडायची, ब्रश फिरवायचा, पाणसळ बघायची, फेस लावून सांधे तपासायचे. मग सिलिंडर.